सिस्टर, सलाईन संपलं!

सांगली-मिरजेच्या कुठल्याही वॉर्डात रात्री ही हाक ऐकू येते. हाक मारणारा बहुधा पेशंट नसतो, त्याच्या उशाशी बसलेलं घरचं माणूस असतं. खाटेजवळ सिस्टरला बोलवायचं बटण असलं तरी आपण उठून सिस्टरच्या टेबलाकडेच धावतो.

बटणाची कल्पना मात्र जुनी आहे. १८५३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल लंडनमध्ये हार्ली स्ट्रीटवरच्या आजारी स्त्रियांच्या संस्थेचा कारभार हाती घेणार होत्या. त्याआधीच त्यांनी संस्थेच्या कमिटीवरच्या लेडी कॅनिंग यांना पत्र लिहून आपल्या गरजा कळवल्या. (याच बाईंचे पती पुढे हिंदुस्थानचे पहिले व्हाइसरॉय झाले.) प्रत्येक मजल्यावर गरम पाणी हवं, जेवण वर चढवायला पाळणा हवा, आणि हव्यात घंटा. पेशंटची घंटा त्याच मजल्यावर नर्सच्या दाराबाहेर वाजावी. वाजताच तिची झडप उघडावी आणि तशीच उघडी राहावी, म्हणजे कुणी बोलावलं ते नर्सला दिसेल. असं काही नसेल तर नर्सचे नुसते दोन पाय होतात, हे त्यांनी तेव्हाच बजावलं होतं.

मला यातली झडप सगळ्यात मोलाची वाटते. आवाज विरतो, उघडी झडप कुणी येईपर्यंत मिटत नाही. पुढे विजेची घंटा आली, खोलीच्या दारावर दिवा आला, आता बिनतारी बटणं आणि मोबाईलवर संदेश आले, गाभा तोच. म्हणून चांगल्या यंत्रणेत दिवा विझवायचं बटण खाटेशीच ठेवतात, टेबलावर बसून हाक मिटवता येत नाही. संडासातली दोरीही जमिनीपर्यंत सोडतात, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथवरच पोचतो.

आपल्या भागात डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल मिरजेत १८९४ मध्ये सुरू झालं आणि १८९७ पासून तिथं नर्सिंगचं शिक्षण मिळू लागलं. पण आपल्याकडे पेशंटबरोबर घरचं माणूस राहणार हे धरूनच चालतात. पाणी पाजणं, कूस बदलणं, सलाईनवर नजर ठेवणं त्याच्याकडेच. घंटेची गरज या माणसाआड झाकली गेली.

२०२० मध्ये ती उघडी पडली. मिरजेचं शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं. कोविड वॉर्डात नातेवाइकांना मज्जाव होता, आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असलेला माणूस हाक तरी कशी मारणार?

गेल्या वर्षी आई सांगलीतल्या एका हॉस्पिटलात होती. मी औषधं आणायला खाली गेलो होतो. परतलो तर सलाईनची बाटली रिकामी, नळीत रक्त वर चढलेलं, आणि आई ती नळी मुठीत घट्ट धरून बसलेली. बटण होतं, पण खाटेच्या मागे, भिंतीवरच्या खुंटीला. सिस्टर आल्या, सलाईन बदललं. त्यांच्याकडूनच चिकटपट्टी मागून घेतली आणि बटणाची वायर आईच्या डाव्या हाताशी, खाटेच्या कठड्याला बांधली.