निकाल यायचा असतो तेव्हा मेंदू काय करतो?

“टेन्शन नको घेऊ बाई, टेन्शननंच बिमारी वापस येते,” हा सल्ला नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या बाकांवर हमखास ऐकू येतो. कर्करोगाचे उपचार संपलेल्या आणि फेरतपासणीत काहीतरी ‘संशयास्पद’ आढळल्यामुळे पुढच्या चाचणीची वाट पाहणाऱ्या माणसाला त्याने धीर तर मिळत नाहीच, उलट घाबरण्याचा दोषही त्याच्याच माथी येतो. काळजी केल्यामुळे कर्करोग उलटतो, हे सिद्ध झालेले नाही. सकारात्मक विचारांनी पेशी बऱ्या करणारी शिबिरे आणि अंगारा देणारे बाबा यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. गुण आला नाही की दोघेही रोग्याचीच श्रद्धा कमी पडली म्हणतात.

ही भीती निकालाआधीच इतकी का छळते, हे समजून घ्यायला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उपयोगी पडतो. ४५ स्वयंसेवकांनी संगणकाच्या पडद्यावरील दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचे होते आणि साप निघाला की हाताला विजेचा झटका बसत होता. साप निघण्याची शक्यता मध्येच बदलली जात असल्यामुळे खेळणाऱ्याला सतत नवे आडाखे बांधावे लागत. त्याच वेळी घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला जात होता. सर्वाधिक ताण आढळला तो झटका बसणारच हे पक्के असताना नव्हे, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. शिवाय ज्यांचा ताण अनिश्चिततेच्या चढउतारांबरोबर अधिक नेमकेपणाने बदलत होता, त्यांचे अंदाजही अधिक बरोबर येत होते. म्हणजे हा ताण केवळ दुबळेपणा नसून, मेंदूच्या शिकण्याच्या यंत्रणेशी त्याचा संबंध असावा.

अडचण अशी की बायोप्सीच्या, म्हणजे शरीरातला तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या, निकालाची वाट पाहताना शिकण्याजोगे नवे काही हाती येत नाही. मग मन पुरावा शरीरातच शोधू लागते. गाठीचा संशय असलेली काखेतली जागा दिवसातून अनेकदा दाबून पाहिली की ती दुखरी होते आणि ते दुखणेच नवा पुरावा वाटू लागते. “मन सांगतंय, काहीतरी आहेच,” यामागे बऱ्याचदा एवढेच घडलेले असते.

पेट स्कॅनमध्ये उजळलेला ठिपकाही कर्करोगाचाच असतो असे नाही. फ्लोरिन-१८ जोडलेली, ग्लुकोजसारखी साखर शिरेतून देतात. ती कर्करोगाच्या पेशी अधिक शोषतात, तशाच क्षयाच्या गाठी, जंतुसंसर्ग आणि भरत असलेली जखमही शोषते. आपल्याकडे क्षयरोग भरपूर असल्यामुळे हा घोळ वारंवार होतो. म्हणूनच तुकडा काढून तपासतात किंवा काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. त्या मधल्या काळात ठिपका वाढला की विरला, हीसुद्धा एक मोजणीच असते.

तोवर डॉक्टरांना विचारावे ते नेमके : अहवाल कोणत्या तारखेला मिळेल, तो कोण समजावून सांगेल आणि कोणते लक्षण दिसल्यास न थांबता यायचे. गाठ चाचपण्याची वेळही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी, एरवी त्या जागेला हात लावू नये. काळजीसाठी दिवसातला अर्धा तास राखून, मधेच सुचलेले प्रश्न वहीत लिहून त्या वेळेवर ढकलण्याची पद्धत समुपदेशक शिकवतात. झोप उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करूनही बोलता येते.