गोव्याच्या खाणी आणि झोन बदल: सरकारी नोटिशींमागचा इतिहास

गोवा सरकारच्या राजपत्रात नगरनियोजन खात्याची झोन बदलाची, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याची, नोटीस म्हणजे एक तक्ता असतो. अनुक्रमांक, अर्जदाराचे नाव, सर्व्हे क्रमांक, उपविभाग, गाव, तालुका. त्यापुढे प्रादेशिक आराखडा २०२१ (राज्यातल्या जमिनीचा वापर ठरवणारा सरकारी आराखडा) प्रमाणे जमिनीचा आजचा वापर, मागितलेला वापर आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. आजच्या वापराच्या रकान्यात 'ऑर्चर्ड' (बागायत) किंवा 'नैसर्गिक आच्छादन' लिहिलेले असते, मागितलेल्या वापराच्या रकान्यात बहुतेक वेळा 'सेटलमेंट' (वसाहत). हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस. ती जागा चढावर आहे की सपाटीवर, पावसाचे पाणी तिथून कुठे उतरते, खाली कोणाची विहीर आहे, यातले काहीही तक्त्यातून कळत नाही. ज्याला गाव पायाखालचे आहे त्यालाच सर्व्हे क्रमांक वाचून डोंगर ओळखता येतो, आणि त्याच्यापर्यंत ती नोटीस वेळेत पोहोचेलच याची खात्री नसते.

गोव्यात जमिनीच्या वापराचे आणि जमिनीखालच्या खनिजाचे सगळे मोठे वाद अशाच कागदांवर उभे आहेत. कागद कधी निघाला, कोणत्या तारखेपासून लागू झाला, लोकांना बोलायची संधी त्याआधी मिळाली की नंतर, यावर हजारो कोटींचे आणि शेकडो गावकऱ्यांच्या शेतीचे निकाल लागले. आजच्या नोटिशी समजून घ्यायच्या तर सुरुवात पोर्तुगीज राजवटीपासून करावी लागते.

पोर्तुगालने २० सप्टेंबर १९०६ रोजी आपल्या वसाहतींसाठी खाणकामाचा हुकूमनामा काढला. पृष्ठभागाची मालकी कोणाचीही असो, खाली सापडलेले धातुखनिज सरकारचे, हे त्याचे मूळ तत्त्व. ज्याला खनिज सापडले त्याने ते नगरपालिकेत जाहीर करून नोंदवायचे, मग जागेची आखणी व्हायची आणि अखेर सरकार खाणीचे 'कन्सेशन', म्हणजे खनिज काढण्याचा हक्क, द्यायचे. हे कन्सेशन मुदतीचे नव्हते. ठरलेले कर भरले आणि अटी पाळल्या की ते पिढ्यान्‌पिढ्या चालायचे, वारसाहक्काने जायचे, विकताही यायचे. खाली जमीन कसणारा कूळ असो, घर बांधून राहिलेला मुंडकार असो की गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, कोमुनिदाद, असो, डोंगराच्या पोटावरचा हक्क तिसऱ्याच माणसाच्या नावावर चढलेला असे.

हे सारे छापून यायचे ते 'बोलेतिं ओफिसियाल' या सरकारी पत्रात, पोर्तुगीजमध्ये. १८३७ साली सुरू झालेले हे राजपत्र गोव्याच्या कारभाराचा फार मोठा दस्तऐवज आहे, पण सत्तरी, सांगे किंवा डिचोलीच्या वाड्यांवरचा माणूस कोंकणी बोलायचा आणि वाचता येत असलेच तर बहुधा मराठी वाचायचा. जाहीर सूचना निघाली, पण ज्याच्या शेताच्या डोक्यावर खाण येणार होती त्याच्यासाठी ती निघालीच नाही, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

त्या काळाची खूण आजही सरकारी कागदांत जिवंत आहे. गोव्यातल्या जुन्या खाण लीजना (भाडेपट्ट्यांना) अजून 'टी.सी. क्रमांक' आणि त्यापुढे पन्नाशीच्या दशकातले एखादे साल अशीच ओळख आहे. टी.सी. म्हणजे पोर्तुगीज काळातला कन्सेशनचा दाखला. त्यांची नावेही डोंगरांची, 'ओरासो डोंगोर' यासारखी. कोंकणी डोंगर, पोर्तुगीज लिखावट आणि त्याखाली भारतीय कायद्याचे कलम, असे तीन थर एकाच फाइलीत सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते. मुरगाव बंदर हाताशी होते, मांडवी आणि झुआरी नद्यांतून बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू बोटींनी) माल थेट खाली आणता येत होता. बहुतेक दाखले याच भराच्या काळातले आहेत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारताचा खाण व खनिजे कायदा १९५७ चा, तो गोव्याला १ ऑक्टोबर १९६३ पासून लागू झाला. या कायद्यात कायमस्वरूपी हक्क ही कल्पनाच नाही. लीज असते, तिला मुदत असते, नूतनीकरणाला मर्यादा असते, रॉयल्टी असते. मग पोर्तुगीजांनी दिलेल्या कन्सेशनांचे काय? पहिली बारा वर्षे या प्रश्नाला कोणी नीट हात घातला नाही. १० मार्च १९७५ रोजी केंद्राच्या खाण लीज नियंत्रकांनी गोव्यातल्या कन्सेशनधारकांना उद्देशून अधिसूचना काढली: तुमची कन्सेशने म्हणजे लीजच आहेत असे धरून विवरणपत्रे भरा. खाणमालक न्यायालयात गेले. १९८३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पोर्तुगीज कन्सेशन म्हणजे भारतीय कायद्यातले लीज नव्हे, नुसत्या अधिसूचनेने ते लीज करता येणार नाही, असा त्याचा सार.

म्हणून संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याला २३ मे १९८७ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, गोवा घटक राज्य होण्याच्या बरोबर एक आठवडा आधी. या कायद्याने सगळी कन्सेशने रद्द केली, त्यांना लीज ठरवले, आणि तेही मागच्या तारखेने, २० डिसेंबर १९६१ पासून. व्यवहारात अडचण येऊ नये म्हणून या लीजना मंजुरीच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत दिली. ती २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपली. ही तारीख लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी गणिते तिथूनच सुरू होतात.

नूतनीकरण मिळाले ते वीस वर्षांचे. म्हणजे २२ नोव्हेंबर २००७ पर्यंत. त्यानंतर दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज पडून राहिले. त्यांवर निर्णय झाला नाही, आणि 'अर्ज प्रलंबित आहे, म्हणजे लीज चालू आहे' असे मानून खाणी चालत राहिल्या. नेमकी हीच वर्षे चीनच्या मागणीची होती. एरवी कोणी विकत घेतले नसते असे हलक्या प्रतीचे खनिजही जहाजांत चढू लागले. २०१०-११ पर्यंत गोव्याची वार्षिक निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली. डिचोली, सांगे, केपे तालुक्यांतल्या अरुंद रस्त्यांवरून टिप्पर ट्रकांची रांग दिवसभर हलत नसे, घरांच्या कौलांवर लाल धूळ बसायची, आणि पावसात खाणीची माती वाहून शेतात आणि ओहोळात उतरायची. सरकारी निर्णय न होणे हाही एक निर्णय असतो, आणि गोव्यात त्याची किंमत खालच्या बाजूला शेत असणाऱ्यांनी मोजली, हे माझे ठाम मत आहे.

बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामामुळे झालेल्या नुकसानीचा त्याचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचा होता. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम आणि खनिजाची वाहतूक दोन्ही बंद केले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने तारखांचा हिशेब स्पष्ट मांडला: मूळ लीज १९८७ मध्ये संपले, पहिले नूतनीकरण २००७ मध्ये संपले, दुसऱ्या नूतनीकरणासाठी 'आपोआप मुदतवाढ' नाही. म्हणजे २००७ ते २०१२ या पाच वर्षांचे सगळे उत्खनन कायद्याबाहेरचे. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आणि विक्रीतला दहा टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत, हे आदेश सर्वांना आठवतात. त्याच निकालातली एक बाब मात्र फारशी चर्चेत येत नाही, आणि जमीन वापराच्या दृष्टीने मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. लीजच्या हद्दीबाहेर, खासगी मालकाच्या जमिनीवरसुद्धा, खाणीची टाकाऊ माती रचता येणार नाही. गोव्यात खाणमातीचे डंप म्हणजे नवे डोंगरच आहेत. ते कुठल्याही लीजच्या नकाशात नव्हते आणि कुठल्याही झोनच्या नकाशातही नव्हते. दोन खात्यांच्या दोन नकाशांमधल्या फटीत ते वाढले.

पुढचा अध्याय घाईचा आहे. २०१४ च्या अखेरीपासून राज्य सरकारने ८८ लीजचे दुसरे नूतनीकरण केले. १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राने अध्यादेश काढला आणि खाणींचे वाटप लिलावानेच व्हावे असे ठरवले. काही नूतनीकरणे त्याच दिवशीची आहेत. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही ८८ ही रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणपट्ट्यातली दुकाने, सगळ्यांचे संसार त्यात अडकले होते, आणि त्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या त्या सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवूनच. मे २०२२ मध्ये खाण खात्याने जुन्या लीजधारकांना महिनाभरात जागा सोडण्याच्या नोटिसा बजावल्या. उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकपासून (लिलावासाठी आखलेल्या खाणक्षेत्रापासून) लिलाव सुरू झाले. १९०६ च्या हुकूमनाम्यातून आलेला हक्क खऱ्या अर्थाने तिथे संपला.

या काळात जमिनीच्या वरच्या अंगाचा कायदा वेगळ्याच वाटेने चालला होता. नगर व ग्रामनियोजन कायदा १९७४ चा. त्याखालचा पहिला प्रादेशिक आराखडा १९८६ मध्ये अधिसूचित झाला. ऑगस्ट २००६ मध्ये 'प्रादेशिक आराखडा २०११' लागू झाला तेव्हा लोकांनी नकाशे उघडून पाहिले आणि डोंगरउतार, शेती, किनाऱ्यालगतचे पट्टे वसाहतीसाठी रंगवलेले दिसले. 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले, गावोगाव नकाशावाचनाच्या सभा झाल्या, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला. सामान्य माणूस सर्व्हे क्रमांक आणि झोनचे रंग वाचायला शिकला तो त्या काही महिन्यांत. त्यातूनच ग्रामसभांना विचारात घेऊन आराखडा २०२१ तयार झाला.

पण संपूर्ण आराखडा बदलायचा तर लोक जागे होतात, हे सगळ्यांच्याच ध्यानात आले. नंतरच्या दुरुस्त्या एकेका भूखंडाच्या आहेत. नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०१८ मध्ये कलम १६ ब आले, २०२३ मध्ये कलम १७(२). हे दुसरे कलम आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्यासाठी होते. त्यात आधी हरकती मागवायची सोय नव्हती, बदल झाल्यावरच तो राजपत्रात दिसायचा. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९ अ मध्ये तीस दिवसांची नोटीस आहे, पण एकेका तुकड्याची. पंधरा-वीस तुकडे सुटे वाचले तर किरकोळ वाटतात. ते सगळे एकाच टेकडीवर आहेत का, हे पाहण्याची जबाबदारी नोटीस कोणावरच टाकत नाही. ती खात्यानेच घ्यायला हवी. तक्त्यासोबत गावाचा नकाशा आणि त्याच गावात आधी मंजूर झालेल्या बदलांची यादी जोडणे मुळीच अवघड नाही.

खाणींच्या बाबतीत लोकांना बोलायची जागा म्हणजे पर्यावरण परवान्याआधीची जनसुनावणी. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे तीही तीस दिवसांच्या नोटिशीने, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात देऊन, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवून घ्यायची असते. सारांश काही पानांचा, मूळ अहवाल शेकडो पानांचा इंग्रजीत. भूजलाची पातळी, ओहोळाचा उगम, देवराई हे तपशील असतात त्या मोठ्या अहवालात. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावानेही लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध असाच संघर्ष केला. तिथे सातबारा शेतकऱ्याचा, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खालचे खनिज सरकारचे. जुलै २०२१ च्या पावसात त्या खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा घरांत आणि बागायतीत शिरला.

डिचोलीच्या लिलावानंतर जुना प्रश्न नव्या रूपात उभा आहे. ब्लॉकच्या सीमा खात्याने जुन्या लीजची क्षेत्रे जोडून आखल्या, आणि त्या आखणीत घरे, देवळे, शेते आत आली. डिचोली तालुक्यातल्या मुळगावचे ग्रामस्थ गावठाण, देवस्थान, तळी आणि शेतजमीन लीजमधून वगळा अशी मागणी करत आले आहेत. लीजच्या आत घर असले म्हणजे उद्या ते पाडले जाईलच असे नाही. पृष्ठभागावर जाण्याआधी लीजधारकाने भरपाई देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. पण त्या घराच्या दुरुस्तीचा, वाटणीचा, मुलाला वेगळी खोली बांधून देण्याचा प्रत्येक अर्ज एका अनिश्चित शेऱ्याखाली जातो. पोर्तुगीज काळातल्या आखणीच्या वेळी तिथल्या लोकांना कोणी विचारले नव्हते. या वेळी लिलावाची नोटीस निघण्याआधी सीमा गावात नेऊन, सर्व्हे क्रमांकानुसार वाचून दाखवता आल्या असत्या. पुढच्या ब्लॉकांसाठी तसे करायला कायद्याची आडकाठी नाही.