‘थांब’ आधी बाहेरून येतो

दोन वर्षांच्या मुलापुढे खाऊ ठेवून ‘आत्ता नको’ म्हटलं, तर हात आधी पुढे जातो आणि ‘नको’ मागून पोहोचतं. यात हट्ट कमी आणि मेंदूचं वय जास्त. आवेग आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. तीन ते पाच या वयात त्याच्या कामात मोठा फरक दिसतो. तोवर मुलाचा ब्रेक म्हणजे जवळचं मोठं माणूस.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले लहान मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत: थांबलास तर आवडीचा खाऊ, नाहीतर आत्ता जो आहे तो. त्यावरून मुलांचं भविष्य वर्तवण्याची टूम निघाली. पण 1970च्या त्यांच्या अभ्यासातली पालकांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही खाऊ समोर होते तेव्हा मुलं सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली, आणि दोन्ही नजरेआड केले तेव्हा 11 मिनिटांच्या वर. तेव्हा समोर मोबाइल ठेवून ‘हात लावायचा नाही’ हे दहादा बजावण्यापेक्षा तो कपाटात ठेवावा.

दुसरी गोष्ट भरवशाची. 2013मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात 28 मुलांना आधी चित्रं काढायला बसवलं. जुने खडू देऊन ‘याहून चांगले आणते’ असं सांगितलं. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांना ‘अरे, नाहीयेत’ हे उत्तर. मग मार्शमेलो हा मऊ गोड खाऊ समोर ठेवून मिशेल यांच्यासारखीच थांबण्याची परीक्षा, जास्तीत जास्त 15 मिनिटांची. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसलेली 3 मिनिटं. दुसऱ्या गटाला संयम नव्हता असं म्हणवत नाही. त्यांचा हिशेब बरोबर होता. लहान मुलाला ‘पाच मिनिटं’ कळत नाहीत. ‘हे कपडे घडी करून झाले की’ हे कळतं. मात्र कपडे संपताच उठायचं. जमणार नसेल, तर आधीच ‘आज नाही’ म्हणावं. रडणं होईल, पण शब्दाची किंमत राहील.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. मूल मागतं, आपण ‘नाही’ म्हणतो, ते गळा काढतं, आपण ओरडतो, ते आणखी चढतं आणि चौथ्या किंकाळीला आपण वस्तू देऊन टाकतो. क्षणभर शांतता मिळते, म्हणून दोघंही तोच धडा गिरवतात. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या निरीक्षणातून हे चक्र मांडलं. कधी मिळतं, कधी नाही, अशी सवय तर मोडायला सर्वात कठीण. म्हणून द्यायचंच असेल तर पहिल्या मागण्यालाच द्यावं. अर्थात, मुळातच चिडखोर मूल आईबाबांचाही तोल घालवतं. परिणाम एका दिशेने होत नाही.

धाकाने मूल गप्प होतं, पण पाठ वळली की संपलं. उलट, थोडं अवघड कोडं सोडवताना मुलाच्या हातचं काम काढून न घेता हळूच सुचवणाऱ्या आयांच्या मुलांची स्वनियंत्रणाची कौशल्यं पुढे सरस दिसली, असं 2010च्या एका अभ्यासात आढळलं. तुकडा बसत नसेल तर आधी दहा सेकंद गप्प राहावं. मग ‘फिरवून बघ’. तरी नाही, तर बोटाने कडा दाखवावी. स्वतः बसवणं शेवटी.

आणखी एक: ‘हात लावू नको’ मुलांना लवकर जमतं, ‘पसारा आवर’ उशिरा, कारण त्यात बराच वेळ स्वतःला कामाला जुंपून ठेवावं लागतं. म्हणून ‘आधी फक्त लाल ठोकळे डब्यात’ एवढंच सांगावं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूल गरम कपाकडे हात नेतं, मध्येच थांबतं आणि अगदी आपल्याच सुरात पुटपुटतं, ‘नाही हं, भाजेल.’ रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी या स्वतःशी बोलण्याला फार महत्त्व दिलं होतं. त्या वेळी ‘काय बडबडतोयस?’ असं विचारून त्याला अडवू नये.