आवरण जाड नाही, म्हणजे आजार नाही?

“सीटी स्कॅनमध्ये हृदयाचं आवरण जाड दिसत नाही, म्हणजे कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस (आवरण ताठर होऊन हृदयाला आवळतं तो आजार) नाही” हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2003 साली शस्त्रक्रियेत निदान पक्कं झालेल्या 143 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या 26 जणांच्या, म्हणजे 18 टक्क्यांच्या आवरणाची जाडी सामान्यच होती.

प्रश्न जाडीचा नाहीच, ताठरपणाचा आहे. आवरण ताणत नाही, त्यामुळे आतली जागा ठरलेली. उजव्या कप्प्यात रक्त जास्त आलं की डाव्याला तेवढं कमी मिळतं. श्वास आत घेताना नेमकं हेच होतं. म्हणून इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दोन कप्प्यांमधला पडदा श्वासागणिक डावीकडे सरकताना दिसतो. मला सगळ्यात बोलकी वाटते ती टिश्यू डॉपलरवरची, म्हणजे इकोमध्येच हृदयाच्या स्नायूचा वेग मोजताना दिसणारी खूण: मायट्रल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) कड्याची पडद्याकडची बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा वेगाने हलते. निरोगी हृदयात उलट असतं. इथे बाहेरची बाजू आवरणाने जखडलेली असते. इको करताना श्वासाकडे लक्षच दिलं नाही, तर यातलं बरंच निसटतं.

“पंपिंग 60 टक्के, सगळं ठीक” हेही फसवं. हा आकडा दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं तेवढंच सांगतो. हृदय आकुंचन पावतं नीट, अडतं ते भरताना.

एमआरआयचं काम वेगळं. गॅडोलिनियम (शिरेतून दिलं जाणारं, चित्र उठावदार करणारं औषध) दिल्यावर आवरण उजळलं, तर सूज अजून ताजी असू शकते. अशा काही रुग्णांत सूज उतरवणाऱ्या औषधांनीच आवळण सुटते आणि शस्त्रक्रिया टळते. या तपासण्यांच्या चित्रांचा मेळ बसलाच नाही, तर कॅथेटरने (रक्तवाहिनीतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने) दोन्ही कप्प्यांतले दाब एकाच वेळी मोजतात.