खान्देशातलं डिजिटल शिक्षण : वर्गणीतल्या प्रोजेक्टरपासून घरातल्या फोनपर्यंत

धुळे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत प्रोजेक्टर दिसला, तर तो सरकारी योजनेतूनच आला असेल असं धरून चालू नका. कित्येक गावांनी तो वर्गणी काढून आणलाय. मुलं आणि मोबाईल यांवर आज जो वाद रंगतो, त्यात ही गोष्ट कुणी काढत नाही. खान्देशात पडदा आधी अख्ख्या गावाचा होता. तो एकेका घराचा झाला तो नंतर.

पडद्यावरून शिकवण्याचा सरकारी प्रयत्न जुनाच. 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरदर्शनवरून शालेय कार्यक्रम दिसू लागले. ज्या गावात टीव्ही होता, वीज होती आणि अँटेना नीट लागला होता, तिथे ते पोचले. सातपुड्यातल्या पाड्यांवर यातलं काहीच नव्हतं. ही संस्था 2017 मध्ये बंद पडली.

संगणकाची गोष्ट खान्देशी माणसाच्या जास्त जिव्हाळ्याची आहे. विप्रोचं मूळ अमळनेरात. 1945 साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी म्हणून ती सुरू झाली आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाकडे वळली. तो धंदा वाढला बंगळुरूत. आपल्याकडच्या बहुतेक पोरांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो 2001 नंतर, एमकेसीएल म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या वर्गात. चोपडा, शहादा, चाळीसगाव अशा तालुक्याच्या गावी ही केंद्रं निघाली. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागायचं, म्हणून गर्दीही झाली. पण ते लोडशेडिंगचे दिवस. शाळांना मिळालेले संगणक कापडी खोळीखाली, कुलूपबंद खोलीत पडून राहायचे: वीज नसायची, बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायला कुणी नसायचं आणि शिकवणाऱ्यालाच ते येत नसायचं.

मोठा पालट झाला 2015 नंतर. 22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शाळांची गुणवत्ता वाढवण्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्याच सुमारास अमेरिकेत बँकिंग क्षेत्रात नोकरी करणारे धुळ्याचे हर्षल विभांडिक शाळा डिजिटल करण्यासाठी गावोगाव सभा घेऊ लागले. आपला वाटा ते घालत, बाकीची रक्कम गावाने उभी करायची. शेतकरी, मजूर, बाहेरगावी नोकरीला असलेले माजी विद्यार्थी, सगळ्यांनी हात लावला. शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. खोलीला रंग लागला, पडदा आला, कविता चालीवर ऐकू येऊ लागल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेला गरिबाची शाळा म्हणून नाक मुरडणाऱ्या पालकांना ती आपली वाटू लागली. माझ्या मते त्या वर्षांची खरी कमाई हीच. यंत्रं जुनी होतात, प्रोजेक्टरचा दिवा जातो आणि नवा दिवा महाग पडतो. पण पैसे घातलेलं गाव शाळेला जाब विचारतं.

2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. 2017 मध्ये दीक्षा हे डिजिटल धड्यांचं राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झालं, पाठोपाठ बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड दिसू लागले. धडा आता पुस्तकातून थेट फोनमध्ये उघडत होता, फोन असेल तर.

हा 'असेल तर' मार्च 2020 मध्ये सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. शाळा बंद झाल्या. रोज व्हॉट्सॲपवर अभ्यासाच्या लिंका येत, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शाळकरी मुलांची मालिका लागे. जळगाव-भुसावळच्या फ्लॅटमध्ये एकाच वेळी दोन भावंडांचे वर्ग चालायचे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे रेंजसाठी टेकडी गाठावी लागे. घरात फोन एकच असला, तर तो बापाबरोबर कामावर जाई. तिथले शिक्षक रेंज असलेल्या ठिकाणी धडे उतरवून घेत आणि पाड्यावर जाऊन, कुणाच्या ओट्यावर पाच-सात पोरं गोळा करून दाखवत. 2011च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता 64.4 टक्के, राज्यात सर्वांत कमी होती. तिथे ऑनलाइन शाळा टिकली असेल, तर ती या मास्तरांच्या पायांवर.

याच जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, हेही नोंदवायला हवं. पुढे शाळेचा पट ऑनलाइन गेला आणि आधारला जोडला गेला. आज मास्तरांचा बराचसा वेळ त्या माहितीची जुळवाजुळव करण्यात जातो. तो मुलांच्या वाट्याचा वेळ आहे.

आणि भाषा. नंदुरबारमध्ये सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे. पावरी, भिली, मावची बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा प्रमाण मराठी त्याला परकीच असते, मग ती फळ्यावर असो की पडद्यावर. अहिराणीला यूट्यूबने गाण्यांचं आणि विनोदांचं मोठं अंगण दिलं. शाळेच्या धड्यांना तेवढं मिळालं नाही. दिवाळीनंतर सातपुड्यातली कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. फोन त्यांच्याबरोबर जातो, वर्ग जात नाही. बिनइंटरनेटचे, त्यांच्या बोलीतले, उसाच्या फडातही ऐकता येतील असे छोटे धडे हवे आहेत. ते करू शकतील असे, त्याच पाड्यांवर वाढलेले तरुण शिक्षक आज या शाळांत आहेत.