येशूने केलेले वल्हांडणाचे भोजन आजच्यासारखेच होते?

घरी वल्हांडण (मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेची आठवण करणारा यहुदी सण) साजरा करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडे एक मजकूर दरवर्षी फिरतो: 'आजच्या यहुदी सेदर भोजनाचा प्रत्येक विधी येशूने शेवटच्या भोजनात जसाच्या तसा केला होता.' सेदर म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचे ठरलेल्या क्रमाचे भोजन.

समज होणे साहजिक आहे, कारण सण तोच. पण विधी?

आधी बायबलमधले निर्गम १२:८ उघडा, वल्हांडणाच्या मूळ आज्ञेचा भाग. तिथे तीनच पदार्थ आहेत: विस्तवावर भाजलेले मांस, बेखमीर भाकर आणि कडू भाजी. द्राक्षारसाचा उल्लेखही नाही. मग येशूच्या शेवटच्या भोजनाचे वर्णन असलेला लूक २२ वाचा. प्याला दोनदा येतो, १७व्या आणि २०व्या ओवीत. आजच्या सेदरमधले चार प्याले आणि मुलाने विचारायचे प्रश्न सापडतात ते मिश्नात, म्हणजे साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या यहुदी ग्रंथात. मधल्या काळात, इ.स. ७० मध्ये, यरुशलेमचे मंदिर पडले. कोकऱ्याचा यज्ञ तिथेच व्हायचा. तो थांबल्यावर घरातल्या जेवणाभोवतीचे विधी वाढत गेले. काही प्रथा त्याआधीच्या असू शकतात, पण सगळा क्रम मागे नेता येत नाही.

तीन भाकरींपैकी मधली मोडून तिचा तुकडा लपवायचा, हा मजकुरातला सर्वांत लाडका भाग. त्यावरून त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) अर्थही लावला जातो. ही रीत ना शुभवर्तमानांत आहे, ना मिश्नात. अर्थ हवा तर लावावा, येशूच्या नावावर मात्र घालू नये.

शिवाय योहान १९:१४ नुसार वधस्तंभाचा दिवस हा वल्हांडणाच्या तयारीचा होता, म्हणजे वल्हांडणाचे जेवण अजून व्हायचे होते. त्यामुळे ते भोजन वल्हांडणाचेच होते का, यावरही अभ्यासकांत एकमत नाही.