देव भेटायला वावर सोडावं लागतं का?

'ख्रिस्ती गूढसाधना (मनानं थेट देवाशी जोडलं जाण्याची साधना) मठातल्यांसाठीच. शेतात-घरात राबणाऱ्याला देवाचं सान्निध्य लाभत नाही.' हा मेसेज आपल्याकडच्या गावांतही वर्षानुवर्षं फिरतोय. वेचणीच्या दिवसांत अंग मोडून आल्यावर तो पटतोही.

आधार बहुधा बायबलमधल्या मार्था-मरिया या बहिणींच्या गोष्टीचा दिला जातो: येशू घरी आला तेव्हा मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतली, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, आणि मरियेनं चांगलं ते निवडलं असं येशू म्हणाला. लूक 10:38-42 सावकाश वाचा. येशू मार्थेला चूल विझव म्हणत नाही. तिच्या काळजीवर, दगदगीवर बोट ठेवतो.

मग बायबलमधलंच कलस्सैकरांस पत्र 3:23 काढा: जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. हे नेमकं कुणाला सांगितलंय? एक ओवी मागं जा, 22 वाचा. तिथं मठवासी नाहीत, धन्याच्या घरी राबणारे दास आहेत. ज्यांच्या हातात स्वतःचा वेळही नव्हता, त्यांना! माझ्या मते सगळा वाद इथंच मिटतो.

बरं, मठात तरी काम सुटतं का? 6व्या शतकातल्या एका प्रसिद्ध मठ-नियमावलीत अंगमेहनतीचे तास ठरवून दिलेत. मठाची अवजारं वेदीवरच्या पवित्र भांड्यांसारखी जपा, असंही सांगितलंय. 17व्या शतकात पॅरिसच्या मठातल्या एका स्वयंपाक्यानं भांड्यांच्या खडखडाटातही देवाशी मनातल्या मनात बोलायची सवय लावून घेतली होती. त्याची पत्रं आजही वाचली जातात.

रीत साधीच: निंदताना, धार काढताना मन भरकटलं की दोन शब्द देवाशी बोलायचे. पुन्हा भरकटलं, पुन्हा बोलायचं.

एकांत फुकट, असा याचा अर्थ नाही. येशूही प्रार्थनेसाठी एकांतात जात असे (लूक 5:16), आणि परत लोकांत येत असे.